दोरीची दोन्ही टोकं

४ मार्च, सोमवार
दुकानातून

दादास,

नमस्कार-चमत्कार राहू देत. कामाचं पत्र आहे, कामापुरतंच लिहिते.

तुझ्या क्लबची एअर रायफल आज सकाळी कुरिअरने पोचली. खोकं बाहेरून झकास. जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना थर्मोकोल, टेपची पट्टी सरळ, वर ना बंदुकीचं नाव ना चित्र. कुरिअरवाल्याने माझं ओळखपत्र बघितलं, सही घेतली आणि खोकं माझ्याच हातात दिलं. आत तुझी नेहमीची चिठ्ठी होती. "वॉल्व्ह गळतो." दोन शब्द. घर सोडल्यापासून तू मला दोन-दोन शब्दच पाठवतोयस. "चाप जड." "स्प्रिंग तुटली." मी बंदूक दुरुस्त करून परत धाडते आणि तुझ्याकडून पोचही येत नाही. बहीण-भावाचा असा पत्रव्यवहार दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

आता मुद्द्याचं. दोरी फक्त पुढून दिसत होती.

नळीच्या तोंडातून लाल दोरी बाहेर आलेली, टोकाला गाठ, सगळं बाबांनी शिकवल्यासारखं. मागे छर्रा भरायच्या बोल्टपाशी मात्र काही नाही. बोल्ट बंद. मला वाटलं, मागचं टोक आत अडकलं असेल. पुढून हळूच ओढली तर सगळी दोरी हातात आली. ती पुढूनच आत सारलेली होती, नळीच्या शेवटापर्यंत गेलीच नव्हती, वाटेत कशाला तरी अडून थांबली होती.

बाबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी हे शिकवलं होतं. बंदूक दुकानाबाहेर जाणार असेल तर टाकीतली हवा सोडायची, बोल्ट उघडा ठेवायचा, दोरी मागून घालून पुढून काढायची. दोरी आरपार गेली म्हणजे नळीत छर्रा नाही. दोन्ही टोकं दिसल्याशिवाय खोकं बंद करायचं नाही, आणि उघडणाऱ्यानेही दोन्ही टोकं बघितल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. एकदा एक पिस्तूल मी दोरी न घालता कपाटात ठेवलं, तर संध्याकाळभर माझ्याशी अबोला कुणी धरला होता? बाबांनी नाही. तू.

मी रायफल वाळूच्या पेटीवर रोखली आणि चाप दाबला. टप्प. टाकी भरलेली होती आणि आत छर्रा होता. वाळू चाळून तो काढला. आता माझ्यासमोर बाटलीच्या झाकणात पडलाय आणि माझ्याकडे बघतोय.

कुणाला काही झालं नाही. पण लोक एअरगनला खेळणं म्हणतात, तुला मी सांगायला नको की डोळा जायला असलं खेळणं पुरे होतं. वाटेत ते खोकं किती जणांनी उचललं असेल, किती जणांनी आपटलं असेल, विचार करवत नाही.

कुणी बांधलं हे? नवीन माणूस ठेवलायस का? ठेवला असशील तर त्याचा कान धर. फोनवर विचारलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. तुझ्या क्लबच्या सेक्रेटरींना दुसऱ्याच कामाचं निमित्त काढून फोन केला, तर ते म्हणाले वहिनी माहेरी गेल्यात, परवा येतील. त्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. आधी तुला विचारतेय.

उत्तर दे. दोन शब्दांपेक्षा जास्त चालेल.

— दुकान


८ मार्च, शुक्रवार

दादा,

बापरे, अख्खं पान! मी तर हरखलेच. मग वाचलं.

म्हणजे छर्रा मीच घातला. तुला बदनाम करायला. ज्या हातांनी बाबांचं दुकान घशात घातलं त्याच हातांनी. वा! हे वाक्य लिहायला तुला फार दिवस थांबावं लागलं असेल. दुकान बाबांनी माझ्या नावावर केलं, तेव्हा त्या टेबलाशी तूही होतास. "बाईमाणसाच्या हातात बंदुकीची दुरुस्ती, बघू किती दिवस चालते" असं म्हणून तू बाबांची जुनी रायफल उचललीस आणि गेलास. चालतंय की अजून. तुझ्या क्लबच्या बंदुका इथेच येतात, दुसरीकडे कुठे त्या नीट होत नाहीत म्हणून. जाऊ दे. हे भांडण आपण शिळं होऊ दिलेलं नाही, आणखी थोडे दिवस फडताळात ठेवू.

मला घाम फुटला तो तुझ्या शेवटच्या चार ओळींनी. "आजच स्पर्धेच्या मैदानाकडे क्लबच्या पाच रायफली रवाना केल्या. मी स्वतः बांधल्या, एकट्याने, कुणाचा हात लागू न देता. त्यांतली एक जरी चुकीची निघाली तर मी बाबांचं नाव लावणार नाही."

दादा, हे तू फुशारकी म्हणून लिहिलंस. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. म्हणजे नवीन माणूस नाही. ती पहिलीही तूच बांधलीस.

आणि तुझं अक्षर! मी आधी समजले रागाने असं झालंय. पण राग काय, तुझ्या नाकावर कायमचाच असतो, अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. आता एकेक अक्षर बोराएवढं, आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. एका जागी तर तू लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलंयस. मग आठवलं, गेल्या वर्षापासून खोक्यावरचे पत्ते वहिनींच्या अक्षरात येतात. आणि सेक्रेटरी बोलता बोलता म्हणाले होते की सर हल्ली गाडी चालवत नाहीत, चालत येतात, तब्येतीला बरं म्हणून.

तुला नीट दिसतंय ना रे?

रागावू नकोस. नाही, रागाव, खुशाल रागाव, पण उत्तर दे. आईचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. तिला कडेकडेचं दिसायचं आणि मधलंच दिसायचं नाही. तुझे कान दिसतात रे, तोंड कुठे गेलं, असं ती तुला विचारायची आणि आपण हसायचो. तीही कुणाला सांगत नव्हती. गरम तव्यावर हात टेकला तेव्हा कळलं.

तुला दिसत नसेल तर तो तुझा गुन्हा नाही. पण त्या पाच रायफलींची खोकी मैदानावर कोण उघडणार? शाळेत जाणारी पोरं. त्यांना तू शिकवलंयस की सरांनी बांधलेल्या बंदुकीत कधी काही नसतं. ती दोरीकडे बघणारसुद्धा नाहीत. टेप फाडतील, बंदूक उचलतील, आणि मित्राकडे रोखून हसतील.

वहिनींना फोन लावला. त्या परवाच माहेराहून परतल्यात. "वन्सं, मी मागाहून बोलते हं," एवढंच म्हणून ठेवला. मागे तुझा खोकला ऐकू आला.

मैदानाकडे जाणारं सगळं सामान आमच्या शहरातल्या कुरिअरच्या डेपोतूनच पुढे जातं, हे तुलाही माहीत आहे. या पत्राचा फोटो वहिनींच्या मोबाइलवर पाठवतेय, कागद मागाहून येईल. त्यांनी तुला वाचून दाखवावा. उद्या सकाळपर्यंत मला फोन कर आणि सांग की खोकी परत मागवतोस. तू स्वतः मागवलीस तर कुणाला काही कळणार नाही, टेप नीट लागली नव्हती म्हणून सांग. नाहीतर मी डेपोत जाईन आणि ती अडवीन, आणि का अडवली ते मला सांगावं लागेल. मग तुझी शिकवण्याची परवानगी, क्लबची नोंदणी, सगळ्यावर गदा येईल. ते माझ्या हातून व्हायला नको. तुझ्या पाया पडते, माझ्यावर ही पाळी आणू नकोस.

तुझी बहीण


९ मार्च, शनिवार
कुरिअरच्या डेपोतून

दादा,

फोन आला नाही. मी डेपोत बसलेय. पावतीच्या पाठीवर लिहितेय, कारण नुसतं बसवत नाही.

इथल्या मॅनेजर माझ्याच वयाच्या आहेत. चष्मा केसांत खोवलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात थंडगार चहा. मी म्हटलं, "तुमच्याकडच्या एका पार्सलमध्ये भरलेली एअरगन असण्याची शक्यता आहे." त्यांनी चहा खाली ठेवला. "बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" म्हटलं, कळतंय म्हणूनच आलेय.

त्यांनी तिथल्या तिथे खोकी वाहणारा पट्टा थांबवला. इतका वेळ घरघर चालू होती, ती एकदम बंद झाली. माणसं हातातली खोकी तशीच ठेवून बाहेर गेली. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सुट्टी मिळाली म्हणायची." त्याला वाटलं मशीन बिघडलं.

मॅनेजर म्हणाल्या, "बऱ्याच कंपन्या एअरगनला हातच लावत नाहीत. आम्ही घेतो. का? तुमच्यासारखी दुकानं, असे क्लब सगळं रीतसर करतात. आत काय आहे ते आधी सांगतात, हवा काढतात, छर्रे वेगळे ठेवतात, लहान पोराच्या हातात पार्सल पडू देत नाहीत. एकाने घोळ घातला तर उद्या वरून हुकूम येईल, सगळ्यांचं बंद करा. मग तुम्ही काय करणार?" मी मान खाली घातली. या बाईलासुद्धा मीच गोत्यात आणलंय.

आता ती खोकी शोधतायत. पाच खोकी, एका लाकडी चौकटीत बांधलेली. गाडी आली आहे, उतरवली की नाही ते कुणाला ठाऊक नाही.

तोवर एक गोष्ट सांगते. सोमवारी लिहिली नाही, कारण लिहिताना हात चालेना. ती रायफल मी खोक्यातून काढली तेव्हा नळीचं तोंड आमच्या यांच्याकडे होतं. हे नेहमीसारखे चहाचा कप घेऊन समोर येऊन उभे राहिले, "काय पाठवलंय तुझ्या दादाने?" म्हणाले. बोल्ट बंद, चाप तयार, नळी यांच्या पोटाच्या उंचीवर, आणि माझं बोट कुठे होतं हे मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, दादा. मी दोरीकडे बघितलं आणि तोंडातून फक्त "बाजूला व्हा" एवढं आलं. हे झाले बाजूला. यांना अजून वाटतं की मला टेबलापाशी जागा हवी होती.

यांना मी सांगितलेलं नाही. तुला सांगतेय. कारण मी इथे कशाला येऊन बसलेय ते तुला कळायला हवं. तुझ्यावर सूड उगवायला नाही.

सापडली म्हणतायत. जाते.

*

आले परत. जरा थांब, पाणी पिते.

मीच उघडते म्हटलं. सेफ्टीचा माणूस "तुम्ही का?" म्हणाला. म्हटलं, हा आमच्या घरचा धंदा आहे. सगळ्यांना भिंतीपलीकडे पाठवलं. वाळूची पोती रचली, खोकी त्यांच्या दिशेने फिरवली.

पहिलं. बोल्ट उघडा, दोरी मागून दिसतेय, पुढून दिसतेय. टाकीचा काटा शून्यावर.

दुसरं, तसंच. तिसरं, तसंच. चौथ्याला टेप निघेना, नखाने खरवडत बसले, आणि भिंतीमागून मॅनेजरचा आवाज, "बाई, ठीक आहात ना?" चौथंही बरोबर.

पाचवं उघडताना मी तुला शिव्या देत होते, दादा, मोठ्यांदा. सगळ्यांनी ऐकल्या असणार. ते उघडलं. दोन्ही टोकं बाहेर. टाकी रिकामी. पाचही बिनचूक.

मी खाली बसले ती बसलेच. मॅनेजर आल्या, खांद्यावर हात ठेवला. बाई भली आहे. म्हणाली, "झालं ना? देव पावला. आता असं करा, गैरसमज झाला होता म्हणून दोन ओळी लिहून द्या. मी विषय इथेच मिटवते. तुमच्या भावालाही त्रास नको, मलाही नको." पुढ्यात कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं.

दादा, मी लिहिणारच होते. पेन टेकवलंही होतं.

मग त्या दोऱ्यांकडे लक्ष गेलं. तुझी गाठ मी डोळे मिटून ओळखीन, ती बाबांची गाठ, एक वेढा आणि चपटी ओढलेली. या गाठी तशा नव्हत्या. दुहेरी वेढा आणि वर छोटासा फास. बरणीच्या तोंडाला फडकं बांधताना वहिनी मारतात ती गाठ. लग्न होऊन आल्या तेव्हा आई म्हणाली होती, हिने बांधलेलं हिलाच सोडता येतं.

मी बाहेर गाड्या लागतात तिथे गेले आणि फोन लावला. म्हटलं, "वहिनी, दादा जवळ असेल तर नुसतं हो-नाही करा."

"क्लबवर गेलेत," त्या म्हणाल्या. "बोला वन्सं."

"पाचही खोकी तुम्ही परत उघडली होतीत?"

त्या रडू लागल्या. तुझी बायको कशी रडते ते मला माहीत नव्हतं, मी तिला कधी रडताना बघितलंच नव्हतं. "मी रोजच उघडते हो. हे बांधून ठेवतात, क्लबवर जातात, की मी टेप काढते, बघते, परत लावते. ह्यांना कळू नये म्हणून तशीच टेप आणून ठेवलीय. डॉक्टर म्हणाले मधलं दिसणं गेलंय, आणखी जाणार. ह्यांनी मला शपथ घातलीय. मी माहेरी गेले आणि तेवढी ती एक गेली."

मी विचारलं, "आणि या पाचांत?"

"काय या पाचांत?"

"वहिनी, या पाचांत भरलेली होती का एखादी?"

गाड्यांच्या आवाजात मी दुसऱ्या कानात बोट घातलं. मग त्या म्हणाल्या, "एक होती. छर्रा मी कुंडीत पुरला."

कुंडीत पुरला, दादा. तुझ्या बायकोने. आणि वर पाणी घातलं असेल.

मी म्हटलं, "माझ्यापुढे एक कागद आहे. त्यावर मी गैरसमज झाला असं लिहिलं तर सगळं आहे तसं चालू राहील. तुम्ही म्हणाल तसं करते."

त्या म्हणाल्या, "मी दर खेपेला देवाला हात जोडून टेप लावते वन्सं. उद्या मी आजारी पडले तर? तुम्ही लिहा. मी फार थकले."

मी लिहून दिलं. गैरसमज नाही, सगळं. सोमवारची रायफल, तिच्यातला छर्रा, या पाचांतली एक. खाली सही केली. मॅनेजरने वाचलं, चष्मा डोळ्यांवरून काढून परत केसांत खोवला आणि म्हणाली, "सख्खा भाऊ ना हो?" मी हो म्हटलं.

रायफली पुढे जातील, आता कसली काळजी नाही. पोरांची स्पर्धा चुकणार नाही. कागद तुझ्या क्लबला जाईल आणि नोंदणीवाल्यांकडेही जाईल.

तू आता माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीस. तसाही कुठे बोलत होतास म्हणा.


२ एप्रिल, मंगळवार

दादा,

क्लबच्या रायफलीचा वॉल्व्ह बदलला. आज परत पाठवली, सेक्रेटरींच्या नावाने. खोकं घ्यायला तू नसशील हे त्यांनी सांगितलं. तुझी परवानगी थांबवली, डोळे तपासून घेतले, आणि जे व्हायचं ते झालं. पोरांनी तुला निरोप द्यायचं ठरवलं होतं, तर तू गेलाच नाहीस म्हणे. स्पर्धेत त्यांनी बरी नेमबाजी केली, हे तुला कुणी सांगितलं का? सांगितलं असेल तरी तू ऐकलं नसशील.

वहिनी म्हणतात, तू खिडकीकडे पाठ करून बसतोस आणि जेवणाला हाक मारली तर उठतोस, नाहीतर नाही. त्यांच्याशीही बोलत नाहीस. त्यांच्याशी का नाही? त्यांनी काय केलं? तुझं नाव राखायला त्या बाईने स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला. माझ्यावर रुसायचं तर रूस, मला सवय आहे. त्यांना एक शब्द बोल.

मी केलं ते बरोबर केलं. रोज सकाळी दुकान उघडताना हे मी स्वतःला सांगते आणि संध्याकाळपर्यंत ते पुरत नाही. यांना अखेर सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, आणि आता हे चहाचा कप घेऊन दाराबाहेरूनच विचारतात, "येऊ का आत, की काही रोखलंयस?" मला हसू येत नाही, पण हे रोज विचारतात.

एक विचारायचं होतं. काल एक पिस्तूल आलं होतं, चाप अडखळत होता. दिवसभर भिंग लावून बसले, सापडेना. शेवटी वैतागून डोळे मिटले आणि नुसत्या बोटाने दाबून बघितला. लगेच कळलं, आत कुठेतरी केसाएवढी धार उठली होती. तू लहानपणी असाच करायचास. डोळे मिटून बसायचास आणि बाबा म्हणायचे, झोपलास काय रे? मला ते कधीच तुझ्यासारखं जमलं नाही. काल चुकून जमलं.

बंदुका बांधायच्या, रोखायच्या, तपासायच्या, ते मी करीन. तुझ्याकडून ते नको, कधीच नको, हे आत्ताच स्पष्ट सांगते. पण चाप कुठे अडखळतो ते कुणी डोळ्यांनी ओळखलंय? वॉल्व्ह कुठे गळतो ते आपण कानानेच ऐकतो ना? खिडकीजवळचं बाबांचं स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर मी डबे ठेवते. डबे हलवता येतात.

मी बोलावत नाहीये. नुसतं सांगतेय.

तुझी बहीण


१८ एप्रिल, गुरुवार
दुकानातून

दाद्या,

वहिनींचा फोन सकाळीच आला होता. "वन्सं, बाबांची रायफल निघालीय तुमच्याकडे. क्लबमधून सेक्रेटरींनी रीतसर पाठवली, पण बांधली ह्यांनी. खोलीचं दार लावून घेतलं. मला हातही लावू दिला नाही, सेक्रेटरींनाही उघडू दिली नाही, शपथेवर सांगतो नळी रिकामी आहे म्हणाले, आणि त्या भल्या माणसाने ऐकलं. मी तपासलेली नाही हो. सांभाळून उघडा."

काय रे हे? इतकं सगळं होऊनही? सेक्रेटरींना तर मी फोनवर असं झाडलंय की ते पुन्हा कुणाची शपथ ऐकणार नाहीत.

कुरिअरवाला आला. डेपोतून त्याला सांगून ठेवलेलं असणार, खोकं तान्ह्या बाळासारखं धरून आणलं. मी सही केली. यांना बाहेर काढलं, म्हटलं हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. या खेपेला चेष्टा नाही केली यांनी. रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

खोकं वाळूच्या पेटीकडे फिरवलं. टेप कापली. पुठ्ठा बाजूला केला. कापड उलगडलं.

पुढे बघितलं, दोरीचं टोक नाही. मागे बघितलं, टोक नाही.

म्हटलं, याने दोरी घातलीच नाही. हा माणूस हट्टाला पेटलाय, आता याला शिक्षा करायचीय, मला की स्वतःला, देव जाणे. मी मागे सरकले. रागाने डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामुळे काही दिसेना. मग डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

दोरी होती. लाल दोरी बोल्टपाशी आत शिरली होती, नळीच्या तोंडातून बाहेर आली होती, आणि तिथून नळीच्या बाहेरून मागे येऊन स्वतःलाच बांधली होती. टोकं नव्हतीच. नुसतं एक कडं. बाबांची चपटी गाठ. मी खालून धरून ओढलं तर वरची दोरी नळीत शिरली. उलटं ओढलं तर उलटी फिरली. गाठीपर्यंत सबंध फिरते, कुठे अडत नाही.

मी डोळे मिटून ओढून बघितलं, दाद्या. डोळे मिटूनही कळतं. दोरी फिरली म्हणजे नळी रिकामी, आणि अडली तर भरलेली. अडली तर कडं होतच नाही. बघायचं काही कारणच नाही.

बाबांना हे सुचलं नाही. मला सुचलं नाही. आपण सगळी डोळस माणसं जन्मभर टोकं बघत बसलो. किती वेळ लागला तुला? वहिनी म्हणतात, महिनाभर तुझ्या हातात ती दोरी होती आणि त्यांना वाटत होतं, तू नुसताच चाळा करतोयस.

आजपासून या दुकानातली प्रत्येक बंदूक अशीच बांधून जाईल. डेपोतल्या मॅनेजरबाईंना मी स्वतः नेऊन दाखवणार आहे. कुणाची युक्ती असं विचारलं तर सख्ख्या भावाची म्हणून सांगीन.

मग मी हाक मारली. हे धावत आले, काय झालं काय झालं म्हणत. मी रायफल पोटाशी धरून रडत होते, यांना वाटलं लागलं मला. मी फक्त दोरी फिरवून दाखवली. यांनीही फिरवून बघितली, दोनदा, आणि म्हणाले, "तुझा दादा हुशार आहे गं, पण शिष्ट आहे." मी म्हटलं, माझ्या भावाला नावं ठेवायची नाहीत.

कापडाची घडी करताना चिठ्ठी सापडली. बोराएवढी अक्षरं, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझे नेहमीचे दोन शब्द.

"येऊ का?"

लहानपणी तू मला स्प्रिंग म्हणायचास, जरा बोट लावलं की उसळते म्हणून. तर आत्ता मी कशी उसळलेय ते इथे येऊन बघ. बघता नाही आलं तर ऐक. स्टुलावरचे डबे मी खाली ठेवलेत, वहिनींनाही घेऊन ये, त्यांना इथे काही तपासायला लावणार नाही. मला पानभर लिहायचंय, पण तुला त्याची सवय नाही, म्हणून उत्तर तुझ्याच मापाने देते.

लवकर ये.

— स्प्रिंग